शोकसभेआधीचा वॉर्म-अप

लग्नात गाणाऱ्यांकडे खूप किस्से असतात असं सगळ्यांना वाटतं. असतील. पण श्रद्धांजली सभेत गाणाऱ्यांकडे त्याच्या दुप्पट असतात, फक्त ते सांगायचे कुठे हा प्रश्न असतो! खराडीला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी एकदा सुरुवात केली होती, "परवा एका आजोबांच्या तेराव्याला काय झालं माहितीये…" समोरच्या तिघांनी डबे उचलले आणि टेबल बदललं. मग ते साठत जातात. माझ्याकडे दोन वर्षांचे साठलेत. आज सांगूनच टाकते.

आधी माणसं. आम्ही चौघं. अण्णा मुख्य गायक. वय अडुसष्ट, एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त. कुंदाताई पेटीवर. तुषार तबल्यावर. तो मूळचा यवतमाळचा, चाकणला एका कारखान्यात मशीनवर असतो. आणि मी मागे साथीला गाते. ग्रुपला नाव नाही. हॉलवाले "भजनवाले" म्हणतात.

माझं आणखी एक काम होतं. कार्यक्रमाआधी सगळ्यांकडून आवाजाचे व्यायाम करून घ्यायचे. हे काम मला कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. कारण मला संताप यायचा! पुण्यात गाणं शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, पण गाण्याआधी गळा सैल कसा सोडायचा हे सांगणारा शोधून सापडत नाही. पैलवान अंग गरम केल्याशिवाय मातीत उतरत नाही, आणि आमचे गायक स्कूटर स्टँडला लावली की थेट तार सप्तकात! घसा बसला की खडीसाखर. जास्त बसला की जास्त खडीसाखर. मी कॉलेजात असताना आवाजाची दोन शिबिरं केली होती, नंतर एक लांबलचक ऑनलाइन कोर्सही केला होता. मी ठरवून टाकलं की निदान हे तीन गळे तरी मी वाचवणार.

*

पहिला व्यायाम ओठ फडफडवण्याचा. ओठ सैल मिटायचे आणि श्वास सोडत "ब्र्र्र्र" करायचं, लहान मुलं गाडी चालवताना करतात तसं. जबड्याचा ताण जातो, श्वास एकसारखा होतो. दिसायला भयंकर दिसतं.

सदाशिव पेठेतल्या एका हॉलच्या पार्किंगमध्ये आम्ही हे करत होतो. तुषार मनापासून करणारा मुलगा. डोळे मिटलेले, मान मागे, ओठ थरथरतायत, थुंकी उडतेय. तेवढ्यात सभेला आलेल्या एक आजी जिन्याकडे जाता जाता थांबल्या. "अगंबाई, फिट आली या मुलाला!" म्हणाल्या, आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी पायातली चप्पल काढून तुषारच्या नाकाला लावली. त्यांच्याबरोबरच्या दोन काकांनी त्याचे हात धरले.

"आजी, सोडा ना जी! गाऊन राहिलो मी!"

"गातोयस? हे गाणं आहे?"

"गाण्याच्या आधीचं आहे," मी म्हणाले.

आजींनी चप्पल परत पायात घातली. "मग फिटच बरी होती," म्हणाल्या आणि वर गेल्या.

*

दुसरा व्यायाम जांभईचा. गळ्यासाठी याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. जांभई देताना स्वरयंत्र आपोआप खाली उतरतं, घशात जागा होते. ती जागा तशीच ठेवून जांभईच्या शेवटी "आ" सोडला की आवाज छातीपासून कपाळापर्यंत घुमतो. खोटी जांभई चालत नाही. खरी आणावी लागते.

एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पडद्यामागे जांभया देत बसलो होतो. पडदा इतका पातळ की पुढच्या रांगेला सगळं दिसत होतं. आणि जांभई संसर्गजन्य! आम्ही बाहेर येऊन बसलो तेव्हा पहिली रांग तोंडावर रुमाल धरून जांभया देत होती. मधोमध बसल्या होत्या त्या गेलेल्या गृहस्थांच्या पत्नी. साठीच्या. त्यांनीही एक मोठी जांभई दिली, आणि दुसरं भजन सुरू असताना त्यांची मान खाली गेली. झोपल्या.

"शोभतं का हे?" अशी कुजबुज झाली. एक बाई त्यांना हलवायला उठल्या. तेवढ्यात मुलगा वाकत वाकत अण्णांपाशी आला. "आई तेरा दिवसांत पहिल्यांदा झोपलीये. थांबू नका. आणि प्लीज, वरच्या पट्टीत जाऊ नका."

सभेला चार वक्ते होते. एकांच्या हातात चार पानी भाषण होतं. मुलाने ती पानं त्यांच्या हातातून अलगद घेतली, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. आम्ही दीड तास खालच्या पट्टीत, दबक्या आवाजात गात राहिलो. पंख्याचा आवाज आमच्यापेक्षा मोठा होता. कोणी उठलं नाही.

दीड तासाने त्यांना जाग आली. त्यांनी पदर सारखा केला, शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "हे कुठे गेले?"

*

त्या दीड तासानंतर अण्णांचा आवाज बसला तो बसलाच.

सगळ्यांनी तेच कारण धरलं. इतका वेळ दबक्या आवाजात गायलं की गळ्याला ताण येतोच. मीही तेच म्हणाले, वर निदानही केलं. मान ताठ, जबडा घट्ट, खांदे कानाला लागलेले. मला तर आनंदच झाला. इतके दिवस मी जे ओरडून सांगत होते ते सिद्ध करायची संधी आली होती!

शनिवार पेठेत अण्णांच्या घरी मी दर रविवारी जायला लागले. नवा व्यायाम दिला. पेल्यात चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून "ऊ" काढायचा. पाण्यात बुडबुडे येतात, घशावर जोर पडत नाही. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पोरांनी डब्याच्या सुट्टीत पाण्यात बुडबुडे काढले की हे त्यांना वर्गाबाहेर उभं करायचे," त्या म्हणाल्या. "आता बघा म्हणावं सरांना!"

"मास्तरीणबाईंची आज्ञा आहे," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि तू दारात उभी आहेस, म्हणजे आज शिक्षा तुला."

निघताना काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "अगं, तीन आठवडे होऊन गेले. तरुणपणी विड्या ओढायचे हे. सोडून जमाना झाला, पण मला आपलं वाटतं, डॉक्टरला दाखवावं का?"

"काकू, डॉक्टर काय करणार? गोळ्या देतील, नाहीतर गाणं बंद करा म्हणतील. मूळ कारण ताण आहे. मला तीन महिने द्या."

काकूंनी हात पदराला पुसले. "तू शिकलेली आहेस बाई. तुला कळतं."

*

आमच्या ऑफिसात ज्याची शीट नाही ते काम झालंच नाही असं धरतात. मी अण्णांचीही शीट केली. तारीख, एका श्वासात "आ" किती सेकंद टिकला, आणि शेवटच्या कॉलममध्ये शेरा.

पहिल्या रविवारी पंधरा सेकंद. दुसऱ्या रविवारी सतरा. शेरा, "प्रगती!" मग चौदा. मग अकरा. मग नऊ. शेरे असे, "खांदे." "लक्ष नाही." "सराव कमी."

तुषार एकदा माझ्या लॅपटॉपवर वाकून बघत होता. "ताई, एक बोलू? मशीनचा आवाज बदलला तं आमी पयले मशीन बंद करतो. तुमी तं चालवूनच राहिले."

"माणूस मशीन नसतो, तुषार."

"हाव. मशीनले गॅरंटी राह्यते."

मला त्याचा राग आला. चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

ज्या रविवारी आकडा सातवर आला त्या दिवशी माझा संयम संपला. "अण्णा, तुम्ही घरी करतच नाही! रविवारी एकदा करून काय होणार?"

अण्णांनी पेला खाली ठेवला. "पहाटे पाचला उठून करतो गं. दिवसातून चार वेळा." आवाज वाळूवर पत्रा ओढल्यासारखा येत होता.

मी ते ऐकलं आणि शीटमध्ये सात लिहिलं. चार वेळांसाठी कॉलम नव्हता.

*

पुढची सभा एका वकिलांची. अण्णा गाणारच म्हणाले. कुंदाताई म्हणाल्या, "अण्णा, आज मी गाते. तुम्ही नुसते बसा." अण्णा म्हणाले, "नुसतं बसायला तिथे फोटोतला माणूस आहे."

ते गायले. दोन भजनं. लोकांना वाटलं गहिवर आलाय. एक काका तर डोळे पुसत म्हणाले, "काय आर्तता आहे हो आवाजात!"

सभा संपल्यावर चाळिशीच्या एक बाई सरळ आमच्याकडे आल्या. वकिलांच्या सूनबाई. डोळे रडून सुजलेले. मला वाटलं, आभार मानायला आल्या.

"यांचा आवाज किती दिवस असा आहे?"

"साडेतीन महिने," मी म्हणाले. आणि अभिमानाने पुढे म्हणाले, "आम्ही तो व्यायामाने परत आणतोय. औषध अजिबात नाही!"

त्या अण्णांच्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. उद्या सकाळी दहाला यांना घेऊन या. नंबर लावायचा नाही, थेट आत यायचं." मग अण्णांकडे वळून, एकदम हळू आवाजात, "काका, गिळताना कान दुखतो का?"

त्या दिवशी काकूही अण्णांबरोबर आल्या होत्या. काकू म्हणाल्या, "कान? अहो, कान कधी दुखतो तुमचा?"

"महिना झाला," अण्णा म्हणाले. "सांगितलं असतं तर मास्तरीणबाई म्हणाल्या असत्या, जबडा घट्ट आहे."

*

दोन आठवड्यांत सगळं कळलं. स्वरयंत्र काढावं लागणार. पूर्ण. मानेला पुढून भोक ठेवणार, श्वास तिथून. "लवकर आला असतात तर कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. बोलत अण्णांशी होत्या. काकू माझ्याकडे बघत होत्या.

ऑपरेशनला अकरा दिवस होते. मी माइक घेऊन गेले. म्हटलं, जेवढं जमेल तेवढं रेकॉर्ड करू.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "माझ्या तेराव्याला लावायला? म्हणजे तुम्ही तिघं आयते खुर्चीत बसणार!"

माइक मी तसाच परत आणला. अण्णांनी एक ओळसुद्धा गायली नाही. त्या अकरा दिवसांत त्यांनी उरलेला आवाज कशावर खर्च केला ते ऐका.

खालच्या मजल्यावरचा माणूस जिन्याच्या तोंडाशी स्कूटर आडवी लावतो. वर्षानुवर्षं लावतो. अण्णा गाण्यासाठी आवाज जपायचे, त्यामुळे त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ते चिठ्ठ्या लिहायचे. चित्रकलेचे मास्तर, अक्षर मोत्यासारखं. "सदर वाहन हे जिन्याचा भाग नसल्याची मालकांनी नोंद घ्यावी." "जिन्याचा उपयोग चढण्या-उतरण्यासाठी करण्याची प्रथा आहे." प्रत्येक चिठ्ठीला चौकट, चौकटीला वेलबुट्टी. त्या माणसाने एकही वाचली नव्हती.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी अण्णा खाली उतरले आणि ओरडले. वीस मिनिटं! फाटलेल्या, घासलेल्या, मधेच नाहीसा होणाऱ्या आवाजात. सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. "स्कूटर तुझ्या बापाची असेल, जिना नाही!" हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्याच्यापुढे नुसती हवा आली.

तो माणूस चड्डी-बनियनवर बाहेर आला, स्कूटर सरळ केली, आणि म्हणाला, "अहो काका, मग हे आधी बोलायचं ना! लगेच काढली असती."

*

अण्णांशिवायची पहिली सभा. आम्ही तिघं पार्किंगमध्ये उभे. नेहमीची वेळ झाली, दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी मोबाइल बघत राहिले. कोणी "ब्र्र्र" केलं नाही, जांभई दिली नाही. हॉलचा वॉचमन इतके दिवस आम्हाला वैतागलेला. तो खुर्चीवरून म्हणाला, "काय, आज मोटर चालू नाही केली?"

"मोटर जळाली," कुंदाताई म्हणाल्या.

वर जाऊन आम्ही थेट गायलो. माझा आवाज पहिल्याच ओळीत चिरकला. कुंदाताई पेटीवरून मान न उचलता पुटपुटल्या, "खडीसाखर देऊ?"

*

आता शेवटचा.

ऑपरेशननंतर अडीच महिने काकू माझ्याशी बोलल्या नव्हत्या. दवाखान्यात मी डबा घेऊन जायचे. त्या डबा घ्यायच्या, रिकामा डबा धुऊन परत द्यायच्या. शब्द नाही. मी शिकवणं बंद केलं होतं. शिबिरात भेटलेल्या दोन मुली माझ्याकडे शिकायला येणार होत्या, त्यांना नाही म्हणून कळवलं होतं.

एका शनिवारी काकूंचा फोन आला. "उद्या दहाला ये." ठेवला.

मी रात्रभर वाक्यं जुळवली. काकू रागावतील तेव्हा काय म्हणायचं, रडल्या तर काय म्हणायचं. वर गेले. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गळ्याला पांढरं सुती फडकं, त्यामागे श्वासाचा आवाज. त्यांनी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि काकूंकडे धरलं.

"'उशीर झाला, सात मिनिटं,'" काकूंनी मोठ्याने वाचलं. "हे यांचं म्हणणं आहे. माझं नाही. बस."

मी बसले. काकू माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"आता घरात बोलणारी मी एकटी," त्या म्हणाल्या. "भाजीवाल्याशी मी. फोनवर मी. बँकेत मी. यांचं कुठे दुखतं ते डॉक्टरला मी सांगायचं. हे टाइप करतात आणि मी वाचून दाखवते. आलेल्या माणसाला टोमणासुद्धा यांचा, आवाज माझा. लग्न झाल्यापासून सगळं मिळून बोलले नसेन इतकं अडीच महिन्यांत बोलले. संध्याकाळ झाली की घसा धरतो. घरात आता एवढा एकच आवाज आहे. तो नीट राहायला पाहिजे. ते व्यायाम मला शिकव."

"काकू, मी ते सोडलं. मी आता कुणाला शिकवणार नाही."

"सोडलंस का धरलंस, ते मी विचारलं नाही."

त्या उठल्या. कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. त्याच डॉक्टरीणबाईंचा कागद होता. वर काकूंचं नाव. चार दिवसांपूर्वीची तारीख.

"आधी हे वाच. मोठ्याने. आणि मराठीत."

मी वाचलं. "तपासणी केली. गाठ नाही. सूज नाही. दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित हलतात. घसा नॉर्मल."

"परत एकदा."

मी परत वाचलं. "नॉर्मल" म्हणताना माझा आवाज गेला. काकू थांबल्या. अण्णाही मोबाइल मांडीवर ठेवून थांबले. मी तो शब्द पुन्हा म्हटला, नीट.

काकूंनी कागद घेतला, चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला. पाटावर ताठ बसल्या, हात मांडीवर.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांग. तोंड कसं उघडायचं?"